टेकलेली कावड

चिंचेने घासलेल्या तांब्याचा वास आला, की मला दौंडकडची ती चैत्रातली वाट आठवते. मामांची पोर तापाने फणफणली होती. तिच्या नवसाची, भीमेच्या पाण्याने भरलेल्या तांब्याच्या घागरींची कावड शिंगणापूरच्या देवाला चालत न्यायला मीच छाती पुढे काढली. कावड जमिनीला टेकली, तर माघारी जाऊन नदीवर पुन्हा भरायची, असा नेम. पायात काटा मोडला, मागे कुणी दिसेना, तेव्हा मी ती गुपचूप टेकवली. मग कोसभर माझा जीव थाऱ्यावर नव्हता. तेवढ्यात मामांनी मला गाठलं आणि चक्क माझे पाय धरले. "माझ्या लेकीसाठी राबतुयास बाबा!" माझ्याने राहवेना. "मामा, मघाशी टेकली हो कावड." "व्हय रं गाढवा? चल माघारी!" भर उन्हात नदीपर्यंत ते मला शिव्या देत होते. पोर पुढे बरी झाली; पण खरं सांगतो, त्या शिव्यांइतकं गार मला आजवर काही लागलेलं नाही.