वहिनीची एकेचाळीस स्वप्नं

माझा दादा कॉलेजातला सर्व्हर सांभाळतो. भर उन्हाळ्यात स्वेटर घेऊन कामाला निघणारा माणूस, लोक हसणारच! पण त्या खोलीत बारमाही थंडी. पंख्यांची एकसारखी घूं घूं, लुकलुकणारे हिरवे दिवे. पाच मिनिटं बसलं की मला तर डुलकीच लागते. मी शेजारच्या ग्रंथालयात असते, त्यामुळे दुपारचा डबा आम्ही त्याच्या खोलीतच खातो.

त्याचं काम सांगायला सोपं. फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरचं एक मोठं भांडार लांब कुठेतरी आहे. दादा रोज त्याची हुबेहूब नक्कल आमच्या सर्व्हरवर उतरवतो, म्हणजे कॉलेजातल्या कॉम्प्युटरना लांब जावं लागत नाही. याला म्हणे मिरर म्हणतात. काळ्या पडद्यावर एका ओळीची आज्ञा टाइप करायची, बस्स. माऊसला तो हात लावत नाही. मूळ भांडारात जे नाही ते ही आज्ञा इथूनही पुसून टाकते. म्हणून आधी 'नुसतं दाखव, करू नकोस' असं सांगून तो यादी बघतो आणि मगच खरी आज्ञा देतो.

वहिनी सुट्टीच्या दुपारी झोपून उठली की पडलेलं स्वप्न सांगायची. "मी गच्चीवरून चालत होते हो, आणि गच्ची काही संपेचना. खाली सगळे दिवे पाण्यात..." अर्धवट झोपेतला तो आवाज दादा फोनवर रेकॉर्ड करायचा. शेवटी तिचं ठरलेलं, "ऐकताय ना? की झोपलात?" हा घुम्या नुसती मान हलवायचा. मान हलल्याचं रेकॉर्डिंग होतं का कधी?

तीन वर्षांपूर्वी वहिनी गेली. फोनचा भरवसा नाही म्हणून दादाने ती एकेचाळीस रेकॉर्डिंगं मिररमध्येच 'स्वप्नं' नावाच्या फोल्डरात ठेवली आणि आज्ञेत जोडलं, याला हात लावू नकोस. पुढे फोन खरंच बंद पडला.

मागच्या महिन्यात नवा सर्व्हर आला. सगळं त्यावर हलवून, जुना पुसून दादाने आज्ञा नव्याने टाइप केली. यादीही मागवली. हजारो ओळी सरसर वर जात राहिल्या आणि त्या घूं घूंमध्ये साहेबांचा डोळा लागला. जाग आली तेव्हा यादी संपली होती. त्याने खरी आज्ञा देऊन टाकली. 'याला हात लावू नकोस' तेवढं लिहायचं राहिलं होतं.

मी डबा घेऊन गेले तर हा भिंतीकडे बघत बसलेला.

"गेली," म्हणाला.

"कोण गेली?"

"ती. परत."

कळलं तशी मी भडकलेच. "अख्ख्या जगाच्या नकला ठेवतोस आणि घरच्या वस्तूची एक ठेवता आली नाही? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच!" बोलून गेले आणि मलाच रडू आलं. तो आवाज मलाही हवा होता.

आमच्या मिररवरून पुढे आणखी काही जण नकला घेतात. चूक झाली की त्यांना कळवायचं, असा या लोकांचा रिवाज आहे. दादाने डोळे पुसत लिहिलं, 'माझ्या चुकीने काही फायली पुसल्या गेल्या. मिररच्या नव्हत्या, माझ्या होत्या. तुमच्याकडे काही बिघडलं असेल तर कळवा.'

डबा तसाच पडून होता. तासाभराने एका लांबच्या शाळेतल्या बाईंचं उत्तर आलं, 'इकडे सगळं ठीक. तुमची स्वप्नं आहेत आमच्याकडे, एकेचाळीस. आम्हाला वाटलं, भांडारातलंच काहीतरी असेल. तुमच्याकडून आलेलं आम्ही पुसत नाही, जागा पुष्कळ आहे. पाठवू का?'

बाईंच्या तोंडात साखर पडो!

मग काळ्या पडद्यावर एकेक ओळ उमटत गेली. मी बोटांवर मोजत होते. एकेचाळिसावी आली तशी दादाने पहिली फाईल लावली. पंख्यांच्या आवाजातून वहिनी गच्चीवरून चालत आली, सावकाश, जांभई देत.

"ऐकताय ना? की झोपलात?"

दादाची मान हलली. मग तो पडद्याकडे वाकून म्हणाला, "जागा आहे गं."