काउलचं पातेलं

“उद्या? म्हणजे आज मी उपाशी बसू?” भिंतीपलीकडून माझ्या फ्लॅटमेटच्या बॉयफ्रेंडचा आवाज आला.

लॉकडाऊनमध्ये नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या त्या फ्लॅटमध्ये आम्ही तिघंच होतो: मी, माझी वेल्श फ्लॅटमेट आणि तो. ती मेंढीचं मटण, बटाटे आणि कांद्याच्या पातीसारखा जाडजूड लीक घालून काउल करायची. काउल म्हणजे त्यांच्याकडचा पातळ रस्सा. तिच्या घरी तो आज शिजवून उद्याच वाढायचे. मुरल्याशिवाय त्याला चव येत नाही, असं ती सांगायची.

मी लेक्चरचा आवाज वाढवला. दोन महिने मी तेच करत आले होते. मग पातेलं आदळलं आणि ती किंचाळली.

मी दार उघडलं. फरशीवर वाफाळता रस्सा, गाजरं, हाडं. त्यानं एका हातात तिचे केस धरले होते. दुसऱ्या हातात तिचा वेल्श केक भाजायचा बिडाचा तवा होता. तो त्यानं तिच्या खांद्यावर हाणला. खाटकाकडे ऐकू येतो तसा आवाज झाला. मी नुसती उभी राहिले.

शेजाऱ्यांनी पोलिसांना बोलावलं. मास्क लावलेली पोलीसबाई दारात लांबच थांबली.

“सूप सांडलं, त्यावरून हिचा पाय घसरला,” तो हसत म्हणाला. खांदा धरून तिनंही मान हलवली. पोलीसबाई जायला वळली.

“घसरला नाही,” मी म्हणाले. “यानं तिला तव्यानं मारलं. मी बघितलं.”