मेस्त्रीनं ठेवलेला थेंब

गाडीखाली हात घालायचा, थेंब बोटावर घ्यायचा, अंगठ्यानं चोळायचा आणि डावा डोळा मिटून वास घ्यायचा. तोवर मालकानं कितीही बडबड केली तरी मेस्त्रीचं उत्तर एकच.

"थांबा. आदी वास घेऊ."

असा एखादा मेस्त्री तुम्हीही पाहिला असेल. आमचा कराडशेजारच्या मलकापूरला पत्र्याच्या शेडमध्ये बसायचा. उभी हयात लष्कराच्या गाड्या उघडण्यात गेलेली. माझी जीपही लष्कराच्या लिलावातली, वडिलांनी घेतलेली. चारी चाकांना जोर, डोंगरावर घाला नाहीतर चिखलात. फक्त म्हातारी दहा ठिकाणी गळायची, म्हणून कुंडलहून मी सारखा त्याच्या दारात.

गाडी खालून धुऊन, पुसून तो तोंडाला लावायची पावडर भुरभुरायचा आणि एक चक्कर मारून यायचा. पावडरीत ओली रेघ जिथून सुरू होईल तिथं गळती. पावडरीचे डबे घेताना दुकानदार चिडवायचा, "मेस्त्री, घरात लगीन हाय का?" हा म्हणायचा, "व्हय, पाटलाची जीप उजवायची हाय!"

मी म्हणायचो, गळती मागं आहे. तो हसायचा. "पाटील, तेल वाऱ्यानं मागं पळतंय. तुमी शेपूट धरून बसलाय."

त्याला एकच अभिमान होता. धाकटा भाऊ कवठे महांकाळला शिटं भरून वडापची जीप चालवायचा. आईबाप लवकर गेलेले, ह्यानंच त्याला वाढवलेला. "माज्या भावाची गाडी बगा, खाली थेंब न्हाई," हे तो कुणी न विचारता सांगायचा.

मग ते झालं. त्यानं माझ्या ब्रेकची रबरं बदलून आठवडा झाला होता. बायकोला घेऊन डोंगरावरून उतरत होतो. ब्रेक दाबला तर पाय पार तळाला. गाडी बांधावरून उसात घुसली म्हणून वाचलो. बायकोचं मनगट मोडलं.

त्या म्हाताऱ्याला सोडायचा नाही, असं मी दवाखान्यातच ठरवलं. विचारायला म्हणूनही त्याच्याकडे गेलो नाही. कुंडलच्या स्टँडवर, कराडच्या स्पेअरपार्टच्या दुकानात, मलकापुरात त्याच्या शेडसमोरच्या चहाच्या गाड्यावर, जिथं चार माणसं भेटतील तिथं सांगितलं की हा नट ढिले सोडतो. तेवढ्यानं पोट भरेना. म्हणून मुद्दाम एसटीनं कवठ्याला गेलो आणि त्याच्या भावाला सगळ्या वडापवाल्यांसमोर म्हणालो, "तुज्या भावानं माज्या बायकूला मारलीच हुती. तुज्या गाडीत लोकांची लेकरं बसत्यात. जप रं बाबा."

भाऊ पांढराफटक पडला. त्यानं गाडी दुसऱ्या मेस्त्रीकडं टाकली आणि ह्याच्याशी बोलणंही टाकलं. मेस्त्रीच्या शेडमध्ये माशा बसायला लागल्या. मी तिथून जाताना मोटरसायकल हळू करून बघायचो. खोटं कशाला सांगू, लय गार वाटायचं.

इकडं माझ्या जीपची रबरं सांगलीच्या मेस्त्रीनं दोनदा बदलली. दोन्ही वेळा आठवड्यात फुगली आणि ब्रेक पुन्हा गळाले. ते म्हाताऱ्याच्या कानावर गेलं असणार. एका दुपारी तो स्वतःच एसटीनं कुंडलला आला आणि माझ्या अंगणात उभा राहिला.

"वैनी, पेलाभर पानी द्या."

मी बायकोला देऊ नको म्हणालो. तिनं बांधलेल्या हातानंच दिलं. तो प्यायला नाही. त्यानं बॉनेट उघडलं, ब्रेक ऑइलच्या बाटलीत काडी बुडवली आणि तिचा थेंब पेल्यात सोडला. थेंब वरच तरंगत पसरला.

"ब्रेकचं आसतं तर पान्यात इरघळलं आसतं," तो म्हणाला. "आता वास घ्या."

वास घेतला. रोज घेतो तो वास, माझ्याच ट्रॅक्टरचा. मेस्त्रीनं रबरं बदलल्यावर दोन दिवसांनी बाटलीत तेल जरा कमी दिसलं होतं. गोठ्यात ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचा डबा होता. मीच ओतलं होतं. पुढं रबरं बदलली, पण बाटलीत तेच राहिलं, आणि जरा कमी झालं की मी वरून तेच ओतत होतो.

"त्याल म्हंजे त्याल, व्हय पाटील? ह्या त्यालानं ब्रेकची रबरं फुगत्यात."

मी हात जोडले. म्हातारा डोळे बारीक करून हसला. ते हसू चांगलं नव्हतं.

"माफी नगं मला. जितं जितं बोलला, तितं तितं जाऊन परत बोला. ह्यो पेला घिऊन."

आणि मोकळा सोडला नाही हो त्यानं! स्वतः बरोबर आला. मी स्टँडवर पेल्यात थेंब सोडून माझा गाढवपणा सांगतोय, लोक फिदीफिदी हसतायत आणि हा शेजारच्या बाकड्यावर बशीतून चहा फुरकतोय. "मोट्यानं बोला. मागं लय मोट्यानं बोलला हुता." कराडला तर त्यानं मला एकाच दुकानात दोनदा सांगायला लावलं, कारण मालक पहिल्यांदा आत होता.

कवठे महांकाळ तेवढं राहिलं. "तितं म्या येनार न्हाई. एकलं जावा," तो म्हणाला.

त्यानं जीप दुरुस्त केली. सगळ्या गळत्या काढल्या, एक सोडून. मागच्या चाकापाशी दिवसाला एक थेंब पडायचा. गाडीला काही धोका नाही म्हणाला. "ह्यो ऱ्हाऊ द्या. कवठ्याला जाऊन आला की काडतो."

मी गेलो नाही. आधी ऊसतोड होती, मग नव्या उसाची लागण, मग पाव्हणे. खरं म्हणजे त्या भावाच्या डोळ्याला डोळा द्यायची लाज वाटत होती. चार वर्षं माझ्या धुतलेल्या अंगणात रोज तो काळा डाग. चीड यायची. दुसऱ्या कुणाकडून काढून घ्यावा तर तेही धाडस होईना. भेटला की म्हातारा गाडीखाली वाकायचा, वास घ्यायचा आणि विचारायचा, "गेला न्हाई न्हवं अजून?"

"जातो की, मेस्त्री."

"जावा. माज्यासाठी न्हवं. त्येला कळू द्या."

गेल्या हिवाळ्यात म्हातारा शेडमध्ये बसल्या जागी गेला. माती कवठ्याला, त्याच्या गावाला केली. तिसऱ्या दिवशी मी तिथं पोचलो तेव्हा भाऊ अंगणात डोकं भादरून बसला होता. मी त्याच्या घरातूनच पेला मागून घेतला, बरोबर आणलेल्या ट्रॅक्टरच्या तेलाचा थेंब सोडला आणि जीपखाली ठेवलेल्या थेंबासकट सगळं मोठ्यानं सांगितलं.

त्यानं पेला उचलून थेंब पाहिला आणि खाली ठेवला.

"त्यो दर सनाला फोन करायचा," तो म्हणाला. "म्या उचलला न्हाई. आता ह्ये मला कशाला सांगतायसा, पाटील?"

उठलो आणि जीप काढली. आरशात पाहिलं तर भाऊ उठून आला होता. जीप उभी होती तिथं जमिनीवर वाकून तो बोटानं मागच्या चाकाचा थेंब टिपत होता.