अस्कर ते अदलिया: पाचशे वर्षांपूर्वी छापलेलं कलम

बहारीनला आलेले पाहुणे किल्ला बघतात, मॉल पालथे घालतात, समुद्रावरच्या पुलावर फोटो काढतात आणि परत जातात. मी इथे बारा वर्षं फिटर आहे आणि यातलं निम्मंही पाहिलेलं नाही. पण अदलियातल्या एका व्हिलात जुन्या छापील पुस्तकांचं प्रदर्शन लागलंय, त्यात रोमन लोकांचं शेतीचं पुस्तक आहे, असं मोबाइलवर दिसलं आणि शुक्रवारची झोप मी आनंदाने सोडली.

कारण अण्णा. माझे वडील रत्नागिरीजवळ गावी हापूसची भेटकलमं बांधतात. कुंडीतलं रोप जुन्या झाडाच्या फांदीपाशी न्यायचं, दोघांची साल तासायची, केळीच्या सोपटाने घट्ट बांधायचं आणि सांधा जुळल्यावरच फांदी झाडापासून तोडायची. वेळ फार जातो, म्हणून हल्ली कुणी या वाटेला जात नाही. अण्णांच्या उजव्या अंगठ्यातला जोर गेलाय. "यंदाची शेवटची. जुलैत ये, हात धरून शिकवतो," असं ते चार वर्षं म्हणतायत. जुलैत रजा मिळणं कठीण, हे खरं. पण आंब्यापायी मी मेचीच रजा मागतो, हे त्याहून खरं. पुस्तकातून शिकता आलं तर जुलैचं टळेल, असा माझा लबाड विचार होता.

मी राहतो त्या अस्करहून बस आहे, स्वस्तही आहे, पण शुक्रवारी तिची वाट बघण्यात सकाळ जाते. माझा रूममेट संदेश खेडचा, ड्रायव्हर. त्याने गाडी काढली.

"आंब्याला कलम करायला इटलीचं पुस्तक? अण्णांना कळलं तर काठी घेऊन विमानात बसतील," तो म्हणाला. "यल्ला, बस लवकर."

अदलियात कॉफीची दुकानं देखणी आणि महाग. आम्ही आधी सलमानियाच्या बाजूला केरळी हॉटेलात पराठा-चहा उरकला. तुम्हीही तेच करा. गाडी मागच्या गल्लीत लावा, पुढे जागा मिळत नाही.

प्रदर्शन फुकट होतं. पेन आणि पिशवी मात्र दारात ठेवावी लागली. चार रोमन लेखकांची शेतीची पुस्तकं, पाचशे वर्षांपूर्वी व्हेनिसमध्ये एकत्र छापलेली, काचेखाली जाडजूड एका बाइंडिंगमध्ये. उघडं पान मधमाश्यांचं होतं. तिथे मार्ता नावाच्या पांढऱ्या केसांच्या इटालियन बाई बसल्या होत्या. जुनी पुस्तकं दुरुस्त करणं हे त्यांचं काम. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत विचारलं, कलमाचं पान दाखवाल का? त्यांनी कारण विचारलं. मी मोबाइलमधला अण्णांचा फोटो दाखवला, झाडाखाली बसलेला. बाई उठल्या, हात धुऊन आल्या आणि कुलूप काढलं.

ओळीखाली बोट धरून त्या सांगत गेल्या. जैतुनाच्या, म्हणजे ऑलिव्हच्या, झाडाजवळ अंजीर लावायचं. जैतुनाची फांदी वाकवून अंजिराला बांधायची. तिथे ती जीव धरेपर्यंत मूळ झाडापासून तोडायची नाही. माझ्या अंगावर काटा आला. हे तर आमच्या परड्यातलं काम! गावाची इतकी ओढ मला बारा वर्षांत लागली नव्हती.

पानाच्या कडेला कुणा जुन्या मालकाने तपकिरी शाईत काहीतरी लिहिलं होतं. ते इटालियन, त्यामुळे मार्ताबाईंनी सहज वाचलं. "माझे वडील असं बांधत नसत. ते आधी..."

"आधी काय?" मी विचारलं.

त्यांनी कडेवर बोट ठेवलं. "नवं बाइंडिंग करताना कुणीतरी कडा कापून सारख्या केल्यात. पुढचं त्यात गेलं."

"दुसऱ्या प्रतीत असेल ना?"

"छापलेलं सगळ्या प्रतींत असतं. हाताने लिहिलेलं एकाच."

मला तिथेच रडू आलं. बाईंनी मला खुर्ची दिली.

प्रदर्शन बघण्यासारखं आहे, जरूर जा. मला त्यातलं लॅटिन काही आठवत नाही, ती कापलेली कड तेवढी डोळ्यांसमोरून हलत नाही. रविवारी मी जुलैच्या रजेचा अर्ज दिला. फोरमन "इंशाल्ला" म्हणाला. मग अण्णांना फोन केला.

"अंजिरावर जैतून?" अण्णा हसले. "नाय जगायचं. आणि त्या लिवणाऱ्याचा बाप काय करायचा?"

"तेवढंच कापलं गेलंय, अण्णा."

मी रजेचं सांगितलं.

"जुलैत आंबा नसतो."

"माहीत आहे."

"मग धा रोपं राखतो. पाच मी बांधतो, पाच तू." आणि पुढे म्हणाले, "अंगठा नाय चालला, तर धाही तूच बांध. मी जवळ बसतो."