नवरदेवाची खाली बसवलेली गाडी

गाडी रॅम्पवर चढेना. पुढचा बंपर रॅम्पच्या कडेला टेकला होता. ड्रायव्हिंग सीटवरचा मुलगा खिडकीतून मान बाहेर काढून मलाच विचारत होता, "मॅडम, तुमचा रॅम्प जरा उंच हाय का?"

रॅम्प होता तेवढाच होता. गाडी खाली आली होती.

मी मेकॅनिकल इंजिनिअर. पुण्यात एका कार कंपनीच्या सस्पेन्शन विभागात बरीच वर्षं काढली. आता पनवेलला जुन्या हायवेजवळ माझं व्हील अलाइनमेंटचं वर्कशॉप आहे. हा मुलगा प्रशांत, उरणकडचा. घरचा मासळीचा धंदा, स्वतः न्हावा शेव्याला एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात. महिनाभरावर लग्न आलेलं. मागच्या सीटवर साड्यांच्या पिशव्या मांडीवर घेऊन त्याची आई बसली होती. पनवेलला बस्ता बांधून झाला, आता गाडी दाखवायची, असा बेत होता.

"बाय," आई मला म्हणाली, "स्पीडब्रेकर आला का यो मना खाली उतरवतो. मी चालत पुढं जाते, गाडी मागून येते."

"आई, घासते ना खालून."

"मंग गाडी कशाला घेतली? मी चालतच आले असते."

आम्ही फळ्या टाकून गाडी रॅम्पवर घेतली. तक्रार एकच होती. गाडी मधेच स्वतःच्या मनाने वळते. दोन ठिकाणी अलाइनमेंट करून झालं होतं, फरक शून्य. मी खाली जाऊन टॉर्च मारला. स्प्रिंग कापलेले.

"हे कुणी केलं?"

"मित्रानं. गाडी खाली बसावी म्हणून ग्राइंडर मारला. जास्त नाय, दीड वेटोळं."

पुढचे टायर बाहेरून नवेकोरे दिसत होते. आतल्या कडेला मात्र तारा दिसायच्या बाकी होत्या. गाडी अशी खाली आणली की चाकांचे माथे आत झुकतात. अलाइनमेंटच्या भाषेत हा कॅम्बर. चाक मग आतल्या कडेवरच चालतं आणि तिथेच झिजतं. प्रशांत रोज गाडी पुसायचा, पण बाहेरून.

या गाडीत कॅम्बर फिरवायची सोय नव्हती. तो आकडा मशीनच्या स्क्रीनवर लालच राहिला. टो, म्हणजे चाकांची तोंडं किती सरळ आहेत तो आकडा, मी हिरव्यात आणला. प्रशांतने हिरव्या आकड्याचा फोटो काढून लगेच स्टेटसला टाकला.

"झालं ना मॅडम?"

"उभ्या गाडीचं झालं. मशीन उभी गाडी मोजतं. तुला ती उभीच ठेवायची असेल तर घेऊन जा."

त्याला हा विनोद वाटला. मी त्याच्या शेजारी बसले आणि आम्ही न्हावा शेव्याच्या रस्त्याला लागलो. आई मागे होतीच. मी म्हटलं, हळू. तो म्हणाला, हळूच आहे. दुपारची वेळ होती. डाव्या कडेला नेहमीप्रमाणे कंटेनर ट्रेलर ओळीने उभे होते. तेवढ्यात डावं चाक एका खड्ड्यात उतरून धाडकन वर आलं.

स्टिअरिंग सरळ होतं. मी त्याच्या हातांकडेच बघत होते, ते हलले नाहीत. गाडी मात्र डावीकडे निघाली, थेट उभ्या ट्रेलरच्या मागच्या लोखंडी पट्टीकडे. ती पट्टी बरोबर आमच्या काचेच्या उंचीवर होती. प्रशांतने स्टिअरिंग उजवीकडे खेचलं आणि ब्रेक दाबला. गाडी थांबली तेव्हा पट्टीवरचा गंज मला स्पष्ट दिसत होता. कंपनीत असताना हे सगळं मी आलेखावर पाहिलेलं. आलेखासमोर ट्रेलर उभा नसतो.

साड्या पुढच्या दोन सीटच्या मधे येऊन पडल्या होत्या. सगळ्यात आधी आई बोलली.

"माज्या पोराची चूक नाय. मी बगत होते. यानं हात हालवला नाय."

तिने पोराची बाजू घेण्यासाठी साक्ष दिली. हात न हलवता गाडी वळते, तोच नेमका आजार होता.

रस्त्याकडेला उतरून मी दोन्ही हात समोर समांतर धरले. म्हटलं, हा खालचा हात म्हणजे लोअर आर्म, तो चाकाला धरून ठेवतो. हा दुसरा टाय रॉड, स्टिअरिंगचा हुकूम चाकाला पोहोचवतो. चाक वरखाली झालं की दोघंही आपापल्या सांध्यातून झुलतात. कंपनी त्यांची लांबी आणि कोन असे बेतते की दोघांनी बरोबरीने झुलावं. गाडी खाली केलीस आणि दोघांचे कोन बिघडले. आता चाक वर आलं की टाय रॉड त्याला मागून जास्त आत ओढतो आणि चाकाचं तोंड बाहेर वळतं. याला बंप स्टिअर म्हणतात.

"म्हंजे गाडी खड्डा चालवतो?" प्रशांतने विचारलं.

इतकी सोपी व्याख्या मी कंपनीत कधी ऐकली नव्हती.

"परत अलाइनमेंट केलं तर?"

"नाही. स्प्रिंग नवे लागतील. टायरही."

"हेच जोडता नाय येणार?"

"स्प्रिंग आहेत ते, केस नाहीत. कापले की वाढत नाहीत."

तो तयार झाला. पण निघताना पुन्हा घुटमळला. "मॅडम, लग्नाच्या दिवसापुरती खाली ठेवता येईल? फोटोत चाकाच्या वर फट दिसते."

"नवरीने सांगितलंय?"

"नाय, आमचा ग्रुप हाय गाड्यांचा. ते हसतात."

"मंग ग्रुपशीच लगीन कर," आई म्हणाली. तिथे विषय संपला.

नवे स्प्रिंग बसले, टायर बसले, सगळे आकडे हिरव्यात आले. त्याच रस्त्यावरून आम्ही पुन्हा गेलो. तोच खड्डा, धप्प आवाज, गाडी सरळ. मी खूश होते. प्रशांत खाली उतरून चाकावरच्या फटीकडे बघत होता.

लग्नानंतर त्याने मला फोटो पाठवला. वरात निघायची वेळ. पुढे नवरा-नवरी. मागे तीन मामा, तिघंही मासळीच्या टोपल्या एका हाताने उचलणारे, आणि त्यांच्या मांडीवर भाचेमंडळी. डिकीत मिठाईची खोकी. मागच्या चाकावरची फट औषधालाही उरली नव्हती. ग्रुपवर म्हणे सगळ्यांनी विचारलं, स्प्रिंग कुणाकडून कापून घेतलेस?

गाडी इतकी भरू नये, हे मी त्याला कळवलंच. पण गाडीची भूमिती बेतताना कंपनी मामा लोकांचा विचार करते, ग्राइंडरचा करत नाही. तेव्हा गाडी खाली बसवायची हौस असेल, तर आत माणसं बसवावीत. ती संध्याकाळी उतरतात.