दुपारच्या चहाचा प्रश्न

फोन आला तेव्हा मी ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत होतो. "आबा, वैशालीच्या स्कूटीला ट्रकनं..." माझ्या मुलाला, संजयला, पुढं बोलवेना. सुप्याच्या फॅक्टरीत कामाला निघालेली माझी सून रस्त्यातच गेली. आत आठ वर्षांची नात रेवती भिंतीकडं तोंड करून बसली होती. ती स्वमग्न आहे. तिला हे कसं सांगायचं, मला कळेना... तिच्याशी बोलायची सवयच मी लावून घेतली नव्हती.

दहाव्याला माझी बहीण सगळ्यांदेखत म्हणाली, "पोर डब्याच्या गळ्यात बांधली अन् ही आपली कामावर!" मी मान खाली घातली. ते वाक्य मूळचं माझंच. म्हणून आता, दीड महिन्यानं, हे लिहितोय.

डबा म्हणजे फळीवरचा बोलका स्पीकर. रेवतीला बोलायचा सराव व्हावा म्हणून वैशालीनं तो आणला तेव्हा मी चहाच्या टपरीवर हशा मिळवला होता. "आबा, ह्या मास्तरला पगार किती?" कुणी विचारायचं. "पगार न्हाई, पन लाइट गेली की सुट्टी!" मी म्हणायचो.

वैशालीचं म्हणणं वेगळं होतं. "आबा, मानसं वैतागत्यात. ह्यो कितीबी येळा इचारलं तरी वैतागत न्हाई." रेवती त्याला प्रश्न विचारायची आणि त्याचं उत्तर संपेपर्यंत थांबायची. थांबणं ती तिथं शिकली. पण डब्याशी घोटलेला प्रश्न त्याच दिवशी एखाद्या माणसाला विचारायचाच, हा वैशालीचा नियम. कामावरून आली की ती पोरीला घेऊन किराणा दुकानात जायची. एका संध्याकाळी रेवती दुकानदाराला म्हणाली, "काका, जेवलात का?" आणि थांबली. "जेवलो ना बाय! तू काय खाल्लं?" "भात." वैशाली घरापर्यंत रडत आणि हसत आली. मी तिथंच तंबाखू घ्यायला उभा होतो. दहाव्याला हे सांगायला हवं होतं.

दुपारच्या चहाचा प्रश्न माझ्या वाट्याचा. वैशालीनं डब्यात आठवण लावून ठेवली होती. हिंदी वळणाच्या आवाजात तो म्हणायचा, "रेवती, आबांना विचार, चहा झाला का?" ती यायची, खांबाकडं बघत विचारायची. मी म्हणायचो, "आधी माझ्या तोंडाकडं बघ, मग सांगतो." ती निघून जायची.

"बघनार न्हाई ती, पन ऐकती," वैशाली विनवायची. "तुमी नुसतं उत्तर द्या, आबा. अन् जरा थांबा."

"मोठ्यांशी बोलायची रीत शिकव तिला," मी सुनावायचो. रेवतीनं माझ्याकडं येणं सोडलं. वैशालीनं डब्यातली आठवण मात्र तशीच ठेवली.

सुतकात टीव्ही बंद ठेवला, तसा मी डबाही कपाटात घातला. दुःखाच्या घरात वाजणारं काही नको. रेवती रिकाम्या फळीसमोर उभी राहून प्रश्न विचारायची, थांबायची, पुन्हा विचारायची... तेराव्यापर्यंत तिचं बोलणं बंद झालं. आईमुळं की डब्यामुळं, डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. पण आईमागं तिला न वैतागता उत्तर देणारं घरात तेवढंच होतं, आणि ते मी गप्प केलं.

डबा आता पुन्हा फळीवर आहे. दुपारी तो म्हणतो, "रेवती, आबांना विचार, चहा झाला का?" शब्द वैशालीचेच. रेवती भिंतीपाशी बसलेली असते, उठत नाही. मी चहा केलेला असतो. खांबाकडं बघत मीच म्हणतो, "झाला गं रेवती. तू दूध प्यालीस का?" आणि थांबतो, वैशालीनं सांगितलं होतं तसा. कपातल्या चहावर साय धरते.