फिटरबाबा आणि केबलचा डबा

मला फसवलं ते माझ्या सासऱ्यांनी. केबलवाल्या शालिकने नाही, त्याच्या डब्यानेही नाही. इतवारीच्या बाजारात ज्या बाईला एकही व्यापारी वजनात मारू शकला नाही, तिला तिच्याच घरात एका म्हाताऱ्याने फसवलं आणि वर चहा मागितला.

प्रतापनगरातली आमची सगळी गल्ली त्यांना फिटरबाबा म्हणायची. मी मामाजी म्हणायचे. कापडाच्या गिरणीत फिटर म्हणून मागांच्या खडखडाटात सगळी नोकरी काढल्यामुळे त्यांना कमी ऐकू यायचं. त्यांचा मुलगा, म्हणजे आमचे हे, हळू बोलणारे. त्यांचं प्रत्येक वाक्य मामाजी पुन्हा विचारून घेत. माझं मात्र पहिल्या झटक्यात पोचायचं. "घरात एक तुयाच आवाज मले साफ येते," असं ते म्हणत. शेजारणींना तो टोमणा वाटायचा. मला नाही वाटला कधी.

मी पापड, कुरडया, मुगवड्या करून दुकानदारांना घालत असे. परड्या डोक्यावरून नेण्यापासून सुरुवात केली आणि पुढे त्यातूनच घराचा वरचा मजला चढवला. संध्याकाळी बाजारातून आले की मामाजींजवळ बसायचं आणि कोणत्या दुकानदाराने काय खोड काढली ते सांगायचं, हा माझा नेम होता. ते पुढे सरकून विचारायचे, "मग तू काय म्हणली?" मी सांगायचे. ते मांडीवर थाप मारायचे. पापड तुटके आहेत म्हणून भाव पाडणाऱ्या एका दुकानदाराला तर त्यांनी न पाहताच 'टकल्या' नाव ठेवलं होतं. "त्या टकल्याले माल देऊच नको," असा त्यांचा हुकूम होता. मी देतच होते, गिऱ्हाईक सोडून कसं चालेल?

यंत्रांवर त्यांची फार माया. मिक्सर बिघडला आणि मी त्याला शिव्या दिल्या की ते रागवायचे, "काहून बोलतं वं त्याले? तो काय मुद्दाम करून राहिला?" दसऱ्याला त्यांचे पाने-हातोडे, माझा तराजू, ह्यांची स्कूटर, सगळं ओळीने मांडून ते प्रत्येकाला गंध लावत. कुंकवात तेल कालवून केलेलं ते गंध दिवाळीपर्यंत निघायचं नाही. दुरुस्तीहून आलेली वस्तूही गंधाशिवाय जागेवर जायची नाही.

मग एका वर्षी गल्लीत केबल आलं. मागच्या गल्लीत राहणाऱ्या शालिकने घरी दोन व्हीसीआर मांडले होते, एकावर सिनेमा, एकावर गाणी. आमचा टीव्ही जुना, म्हणून त्याने वर एक डबा बसवून दिला आणि हातात रिमोट दिला. दिवसभर घासाघीस करून आलेल्या माणसाला नुसत्या बोटाने हुकूम सोडता येतो आणि समोरचा उलट बोलत नाही, हे सुख मला फार आवडलं. मी आल्याबरोबर रिमोट घेऊन बसू लागले.

दसरा झाला आणि डब्याने रिमोटला जुमानणं सोडलं. डब्यावरची बटणं चालत, रिमोट चालेना. सेल बदलले. जुने उन्हात तापवून पाहिले. ट्यूबलाइटमुळे होतं असं कोणी म्हणालं, म्हणून अंधारात बसलो. शेवटी शालिकला बोलावलं आणि दारातच फैलावर घेतलं.

"मोडका डबा गळ्यात बांधला काय रे?"

"नाही जी काकू, नवा हाय."

तो डबा घरी घेऊन गेला, झाडूनपुसून, तपासून परत आला. "माह्या घरी तर मस्त चालते ना जी!" मामाजी पुढे झाले. "आण, मी ठेवतो." त्यांनी ठेवला, आणि आमच्याकडे पुन्हा तेच. असं होतच राहिलं. तोवर मामाजी टीव्हीशेजारी स्टूल टाकून बसले होते. मी ओरडायचे, "मामाजी, गाणी लावा!" ते बटण दाबायचे आणि हळूच विचारायचे, "आज टकल्या काय म्हणे?" मग बोलणं निघायचं आणि गाणी तशीच वाजत राहायची.

पण शालिकवरचा माझा राग उतरला नव्हता. त्याची वायर आमच्या गच्चीवरून पुढच्या गल्ल्यांत गेली होती. मी रविवारी गल्लीतल्या बायामाणसांना आणि शालिकला व्हरांड्यात, टीव्हीसमोरच, गोळा केलं आणि सांगितलं, "ज्याला एक डबा नीट देता येत नाही, त्याची वायर माझ्या गच्चीवर नको. उद्या कापते. तुम्हीही काढून टाका." दोघीतिघींनी माना हलवल्या. शालिकचा चेहरा उतरला. वायर कापली तर पुढचं सगळं बंद, म्हणजे धंदाच बसला. "काकू, मी चोर हाय काय जी?" तो एवढंच म्हणाला.

मामाजी स्टुलावरून उठले. धोतराचा सोगा जिभेला लावून ओला केला आणि डब्याच्या कपाळावर, रिमोटचा इशारा घेणाऱ्या त्या काळपट लाल काचेवर जोरात घासला. सोगा लाल झाला. "दाब आता," ते म्हणाले. मी रिमोट दाबला. सिनेमा गेला, गाणी लागली.

लाल काचेवर लाल गंध, कोणाला दिसणार? सगळा व्हरांडा हसला. हसली नाही ती एकटी मी.

"तुम्हाला माहीत होतं?"

"पयल्या वेळी नव्हतं. दसऱ्याची पूजा केली, बस. मंग शालिकनं पुसून आणलं अन् मी पुन्हा लावलं, तवा समजलं."

"अन् तरी लावत राहिले?"

"तो रिमोट आला अन् तू बोलणंच सोडलं ना वं," ते म्हणाले. "बुढ्यानं ऐकावं तरी काय?" आणि मग शालिककडे पाहून म्हणाले, "पोराची वायर कापू नको. चूक माही हाय. चहा टाक सगळ्याइले."

चहा मीच टाकला. शालिकने बाहेर जाऊन आधी गच्चीवरची वायर नीट बांधली, मग कप घेतला. पुढे तो चांगला वाढला आणि दर दसऱ्याला हक्काने आमच्याकडे जेवू लागला. डब्याला गंध लावलं जाई, पण मागच्या बाजूला.

मामाजी गेले ते थंडीत, घरातच, फारसा त्रास न होता. त्यांच्यासोबत माझी चांगली वर्षं गेली, याबद्दल तक्रार नाही. तक्रार दुसरीच आहे. भल्या पोराला मी गल्लीसमोर चोर ठरवायला निघाले ते तुमच्यामुळे, मामाजी. 'हे बंद कर अन् माह्याशी बोल' एवढंच म्हणायचं होतं. मी डबा तेव्हाच उचलून शालिकला परत दिला असता. माझ्या रागाला तुम्ही कधी भ्याला नाहीत, मग एवढं मागायलाच का भ्यालात? मला उत्तर पाहिजे, आणि ते तुम्हीच द्यायचं आहे.